थेटरात की मोबाइलवर? पिक्चरचा खरा हिशेब तिकिटापुरता नाही

शुक्रवारी नवा पिक्चर लागतो आणि शनिवारी सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "लिंक आहे का कुणाकडं?" दुपारपर्यंत लिंक येते. संध्याकाळी पारावर दोन-तीन पोरं एकाच मोबाइलवर डोकं घालून बसलेली दिसतात. पडद्यावर कुणाची तरी सावली उठून जाते, मधेच कोणीतरी खोकतं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. तरी बघतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कशाला जायचं थेटरात? दोन महिन्यांनी घरबसल्या येतोच की."

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. येतोच. पण हा हिशेब वाटतो तेवढा सरळ नाही. तालुक्याच्या गावची टॉकीज चालू राहणार की तिथं मंगल कार्यालय होणार, हेही या "येतोच की" वर ठरतं. आणि घरी आलेला पिक्चर घरातलं कोण बघतं, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. म्हणून आज थोडं सविस्तर.

आधी तंबू, मग टॉकीज

चाळिशी-पन्नाशीच्या वरच्या मंडळींना हे सांगायला नको. जत्रेत तंबूतला पिक्चर असायचा. ट्रकमधून मशीन यायचं, जनरेटर यायचा, बांबू-दोरखंड यायचे आणि दुपारपर्यंत मोकळ्या रानात थेटर उभं. भोंग्यावरून पिक्चरचं नाव पुकारलं जायचं. आत खाली बसायचं, कुणी पोतं आणायचं, कुणी घोंगडी. बऱ्याच तंबूंत मधे दोरी बांधलेली असायची, एकीकडं बाया आणि दुसरीकडं बाप्ये. पोरं दोन्हीकडं. रीळ तुटलं की शिट्ट्या. मी पहिला पिक्चर असाच बघितला आणि त्यातली गोष्ट आज आठवत नाही. मशीनमधून निघणारा उजेडाचा पट्टा आणि त्यात उडणारी धूळ तेवढी आठवते.

गणपतीत पडदा बांधून पिक्चर दाखवायचे, तेव्हा पुढं जागा नसली की आम्ही पडद्यामागं बसायचो. तिकडून सगळं उलटं दिसायचं. हिरो डावखुरा. पण फुकटच्या पिक्चरला नावं कोण ठेवणार?

मग १९८० च्या दशकात व्हिडिओ आला. टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, गल्लीतून वर्गणी काढायची आणि एका रात्रीत तीन पिक्चर संपवायचे. तिसरा संपेपर्यंत धारा काढायची वेळ झालेली असायची. म्हणजे "घरी पिक्चर बघणं" हे काही मोबाइलनं आणलेलं नवं खूळ नव्हे. थेटरावर पहिला घाव व्हिडिओनं घातला, दुसरा केबलनं, तिसरा सीडीनं. दर वेळी लोक म्हणाले, आता टॉकीज बंद. काही झाल्याही. तरी १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला तेव्हा बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून बायका तालुक्याला गेल्याच. तेव्हा व्हीसीआर होता, घराघरात टीव्ही शिरायला लागला होता. तरी गेल्या.

२०१६ हे साल लक्षात ठेवा

त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. २९ एप्रिलला 'सैराट' लागला. नागराज मंजुळेंचा, करमाळा भागात चित्रित झालेला. कमाईत शंभर कोटींच्या पुढं गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. आपल्या सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला गर्दी आवरेना म्हणून रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला होता. पहाटे तीनला पिक्चर बघायला माणसं! आणि हेही आठवा, की त्याच वेळी 'सैराट'ची चोरटी कॉपी बाहेर फुटलेली होती आणि मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डावर भरून मिळत होती. खिशात पिक्चर असलेली पोरं रांगेत उभी होती.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी मे महिन्यात. फिरत्या तंबू टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथं त्याची खास दखल घेतली गेली. महाराष्ट्रातल्या जत्रांमधले तंबू, गंजलेली मशीन आणि ती दुरुस्त करणारी माणसं जगानं बघितली. तोपर्यंत तंबू मात्र बोटावर मोजण्याइतके उरले होते.

तिसरी गोष्ट ५ सप्टेंबरची. जिओ सुरू झालं. डेटा आधी फुकट, मग स्वस्त. 'सैराट'नंतर अवघ्या चार महिन्यांत. मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानदारांचा तो धंदा त्यानंतर बसला, कारण पिक्चर आता दुकानात न जाता थेट हातात यायला लागला.

पुढं कोरोना. मार्च २०२० मध्ये थेटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. या दीड वर्षात लोकांची सवय बदलली. ज्या आजोबांना मोबाइलवर फोन उचलण्यापलीकडं काही येत नव्हतं, त्यांना नातवानं यूट्यूब लावायला शिकवलं. आता आजोबा दुपारभर हिंदीत डब केलेले दाक्षिणात्य पिक्चर बघतात आणि नातू मोबाइलसाठी ताटकळतो.

पिक्चर तालुक्याला पोचतो कसा

पूर्वी पिक्चर म्हणजे रिळांची पेटी. एक हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालायचं, म्हणजे अडीच तासांच्या पिक्चरला तेरा-चौदा रिळं. एक प्रिंट काढायला हजारो रुपये लागायचे, त्यामुळं मोजक्याच प्रिंट निघायच्या. त्या आधी मुंबई-पुण्यात चालायच्या, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. आपल्यापर्यंत येईस्तोवर फिल्मवर ओरखडे पडलेले आणि निम्मं गाणं कापलेलं. काही गावांत तर एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. इकडं रीळ संपलं की माणूस सायकलवर टाकून ते तिकडं न्यायचा. सायकल पंक्चर झाली की तिकडं लांब इंटरव्हल.

साधारण २००५ नंतर डिजिटल आलं. आता पिक्चर सॅटेलाइटवरून किंवा हार्ड डिस्कमधून येतो. तो कुलूपबंद असतो. कुलपाची चावी म्हणजे एक डिजिटल फाइल असते. ती ठरलेल्या टॉकीजच्या ठरलेल्या मशीनवरच चालते, तीही ठरलेल्या तारखेपर्यंतच. मुदत संपली की पिक्चर मशीनमध्ये असूनही लागत नाही. त्यामुळं "एक दिवस जास्त दाखवा की" असं आपण टॉकीजवाल्याला म्हणतो, तेव्हा ते त्याच्या एकट्याच्या हातात नसतं.

याचा फायदा आपल्याला झाला. मुंबईत ज्या शुक्रवारी लागतो, त्याच शुक्रवारी तालुक्याला. पण तोटाही इथंच आहे आणि तो पैशाच्या वाटणीत दिसतो.

तिकिटाचा पैसा जातो कुठं

तिकिटावर जीएसटी लागतो. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. शंभराच्या वर १८ टक्के. म्हणजे मूळ शंभराचं तिकीट आता १०५ ला पडतं आणि मल्टिप्लेक्सचं मूळ दोनशेचं तिकीट २३६ ला. तालुक्याच्या टॉकीजला या फरकाचा आधार आहे, कारण तिथले दर शंभराच्या आसपासच असतात.

कर गेल्यावर उरलेले पैसे टॉकीजवाला आणि वितरक वाटून घेतात. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण झालं होतं. दोन महिने मोठे पिक्चरच लागले नव्हते. ते मिटताना जी वाटणी ठरली ती साधारण अशी: पहिल्या आठवड्यात निम्मे पैसे वितरकाला, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३० टक्के. एकपडदा टॉकीजचे व्यवहार वेगळे असतात, कुठं भाडं ठरतं, कुठं टक्केवारी. पण तत्त्व तेच आहे. पिक्चर जितका जुना होतो तितका थेटरवाल्याचा वाटा वाढतो.

म्हणजे थेटरवाल्याची खरी कमाई तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दादा कोंडक्यांचे लागोपाठ नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी झाले, म्हणजे पंचवीस पंचवीस आठवडे चालले. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या काळात टॉकीज बांधणारा माणूस शहाणा ठरायचा. आज तिसरा आठवडाच उरत नाही. हौशी लोक पहिल्या शनिवार-रविवारी बघून मोकळे होतात आणि बाकीचे ओटीटीची वाट बघतात. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी हिंदी पिक्चरसाठी आठ आठवड्यांची अट घातली आहे, तोवर तो ओटीटीवर आणायचा नाही. 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला आणि ११ एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला. मोजून बघा, बरोबर आठ आठवडे. 'छावा' त्याआधीच तुफान चालला होता म्हणून कुणाचं अडलं नाही. मधल्या फळीतल्या पिक्चरचं काय? आणि मराठी पिक्चर तर बऱ्याचदा "कोणी सांगितलं चांगला आहे" म्हणून दुसऱ्या आठवड्यात उचल खातो. दुसऱ्या आठवड्यापर्यंत पडद्यावर ठेवायचीच सोय नसली तर कोण कुणाला सांगणार?

टॉकीजचा खर्च मात्र माणसं मोजून होत नाही. खुर्च्यांवर दहा जण असोत की चारशे, मशीनला वीज तेवढीच, डोअरकीपर तेवढेच. म्हणून दुपारच्या खेळाला आठ-दहा तिकिटं गेली की टॉकीजवाला पैसे परत देऊन खेळ रद्द करतो. आपण चिडतो. त्याचंही चुकत नाही.

आता आपल्या खिशाचा हिशेब

समजा नवरा, बायको आणि बारा वर्षांखालची दोन पोरं. जिल्ह्याचं मल्टिप्लेक्स गावापासून चाळीस किलोमीटर. एसटीचं पूर्ण तिकीट सत्तरच्या आसपास धरू. १७ मार्च २०२३ पासून बाईला अर्धं, पोरांनाही अर्धं. जाऊन-येऊन साडेतीनशे. पिक्चरची चार तिकिटं २३६ प्रमाणे ९४४. पोरांनी पॉपकॉर्न बघितल्यावर तुम्ही नाही म्हणू शकत नाही, चारशे धरा. झाले सतराशेच्या घरात. भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या चार-पाच दिवसांच्या रोजाइतके.

तालुक्याची टॉकीज बारा किलोमीटरवर. एसटी शंभर, तिकिटं ४२०, इंटरव्हलला वडापाव-चहा शंभर. सहाशे-सव्वासहाशे. म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास.

आणि घरी? डेटा तर मारलेलाच असतो. दिवसाला दीड-दोन जीबीचं पॅक असलं तर साध्या दर्जात तासाला सुमारे एक जीबीपर्यंत जातो, एचडी लावलं तर तीन जीबीपर्यंत. त्यामुळं अडीच तासांचा पिक्चर दीड जीबीत बसवायचा तर सेटिंगमध्ये जाऊन दर्जा कमी करावा लागतो. नाहीतर ऐन क्लायमॅक्सला गोल गोल फिरत बसतं. ओटीटीचे पैसे वेगळे. पण ते पाच-सहा जणांच्या घरात वाटले तर किरकोळच. दूरदर्शनवर आणि यूट्यूबवर अधिकृतपणे टाकलेले जुने मराठी पिक्चर तर फुकट आहेत.

तर पैशाच्या बाबतीत घर जिंकतं, यात वाद नाही. म्हाताऱ्या माणसांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, तान्हं बाळ असलेल्या बाईला आणि ज्यांच्या गावाला सहानंतर गाडीच नाही त्यांना घरचा पिक्चर हे वरदानच आहे. थेटराची बाजू घेणाऱ्यांनी हे आधी कबूल करायला पाहिजे. शिवाय आपल्याकडच्या काही टॉकीजची अवस्था सांगण्यासारखी नाही. एकदा बायको-मुलींना घेऊन गेलो तर बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नव्हती. मुलगी दाराला हात लावून उभी राहिली. त्यानंतर ती त्या टॉकीजला आली नाही आणि मीही आग्रह केला नाही. लोक का येत नाहीत म्हणून ओटीटीला शिव्या घालणाऱ्या मालकांनी आधी कड्या बसवाव्यात.

घरी पिक्चर कोण बघतं?

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती.

घरी रविवारी दुपारी पिक्चर लावला की कोण कुठं बसतं ते या रविवारी नीट बघा. बाप्ये समोर. पोरं खाली सतरंजीवर. आणि घरातली बाई? तिनं सुरुवातीची पाटी बघितलेली असते. मग कुकरची शिट्टी होते. परत येते तर हिरो कॉलेजातून नोकरीत गेलेला. "हा कोण?" विचारलं की पोरं म्हणतात, "अगं मगाशी दाखवलं ना." मग कोणीतरी म्हणतं, चहा टाक. मग दारात कोणी येतं. शेवटच्या दहा मिनिटांत ती परत येऊन उभ्या उभ्या बघते, पदराला हात पुसत. पिक्चर सगळ्यांनी बघितला, तिनं तुकडे बघितले.

थेटरात हे होत नाही. तिथं तिला कोणी चहा मागू शकत नाही. अंधार होतो, दार बंद होतं आणि अडीच तास ती कुणाची सून नाही की जाऊ नाही. शेजारी बसलेल्या नवऱ्याला तहान लागली तर तो स्वतः उठून जातो.

हे माझं नुसतं म्हणणं नाही. ३० जून २०२३ ला केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा काय झालं ते आठवा. सहा बहिणींची साधी गोष्ट. पण बचत गट, भिशीचे गट, नणंदा-भावजया, सोसायट्यांतल्या बायका नटून-थटून, एकसारख्या साड्या नेसून, काळे गॉगल लावून घोळक्यानं थेटरात गेल्या. काही ठिकाणी पिक्चर संपल्यावर तिथंच नाचल्या. त्याच वेळी प्रत्येकीच्या पर्समध्ये मोबाइल होता आणि त्यात शेकडो पिक्चर होते. त्या पिक्चर बघायला गेल्या हे खरं, पण त्याहून जास्त त्या घराबाहेर पडायला गेल्या. आमच्या भागातल्या एका काकूंनी तेव्हा सांगितलं होतं की लग्नानंतर थेटरात जायची ही त्यांची दुसरी वेळ. पहिली वेळ 'माहेरची साडी'.

दोन्हींच्या मध्ये बत्तीस वर्षं.

शहरातल्या बाईला बाहेर पडायला बाग आहे, मॉल आहे, मैत्रिणींबरोबर हॉटेल आहे. गावातल्या बाईला घराबाहेर पडायची मान्य कारणं मोजकी आहेत. रान, दवाखाना, माहेर, लग्न-मयत, देवदर्शन आणि बाजार. "पिक्चरला जाते" हे त्या यादीत जेमतेम शिरलेलं एक कारण. तालुक्याची टॉकीज बंद पडली तर ते निघून जातं, कारण चाळीस किलोमीटरवरच्या मल्टिप्लेक्सला ती एकटी किंवा मैत्रिणींबरोबर जाऊन अंधारापूर्वी परत येईल, हे आपल्याकडच्या एसटीच्या वेळापत्रकात बसत नाही. बारा किलोमीटरवरच्या बारा ते तीनच्या खेळाला जाऊन साडेचारला ती परत गोठ्यात हजर असते.

तरुण पोरींबाबत तर बोलायलाच नको. पोरांना मोबाइल स्वतःचा असतो, पोरींना बऱ्याच घरांत भावाचा नाहीतर आईचा, तोही हिशेबानं. "घरी आहे ना, मोबाइलवर बघ" हे वाक्य पोरीला लागू पडतं की नाही, ते आपापल्या घरात बघावं.

त्या लिंकचं काय?

आता ग्रुपवरच्या लिंककडं येऊ. फुकट पिक्चरच्या नावानं टेलिग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर जे फिरतं, त्यात दोन प्रकार असतात. एक म्हणजे खरोखर चोरलेला पिक्चर. २०२३ मध्ये चित्रपट कायद्यात दुरुस्ती झाली. थेटरात मोबाइल धरून पिक्चर रेकॉर्ड करणाऱ्याला आता किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद होऊ शकते. दंड किमान तीन लाखांचा, आणि तो पिक्चरच्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. स्टेटस ठेवायला म्हणून एखादा सीन रेकॉर्ड करणाऱ्या पोरांनीही जपून राहावं. मजा म्हणून हात वर करतात, पण कायदा रेकॉर्डिंगलाच हात घालतो.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे. लिंक दाबली की "पिक्चर बघण्यासाठी हे ॲप घ्या" असं येतं आणि एपीके फाइल उतरते. ती टाकताना एसएमएस वाचायची परवानगी मागते. तुम्ही "अलाउ" दाबलं की बँकेचा ओटीपी थेट चोराकडं जाऊ शकतो. शंभराचं तिकीट वाचवायला जाऊन ऊसबिलाचे जमा झालेले पैसे गमावायची वेळ येते. प्ले स्टोअरच्या बाहेरचं कुठलंही ॲप पिक्चरसाठी टाकू नका. टाकलं गेलंच असेल तर मोबाइलचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणखी एक, मंडळांसाठी. घरच्या ओटीटी सबस्क्रिप्शनवर प्रोजेक्टर लावून चौकात पिक्चर दाखवणं हे त्या सबस्क्रिप्शनमध्ये बसत नाही. ते घरापुरतं असतं. जाहीर दाखवायचा तर हक्क असणाऱ्याची परवानगी लागते.

मग कुठला पिक्चर कुठं?

मी स्वतः असं करतो. ज्या पिक्चरमध्ये मोठी माणसं, मोठी लढाई, मोठं रान, मोठा आवाज आहे तो थेटरात. 'छावा' सहा इंची पडद्यावर बघणं म्हणजे गडावर न जाता गडाचा फोटो बघणं. ज्यात चार भिंतींतली गोष्ट आहे, बोलणं जास्त आहे, तो घरी चालतो. उलट मोबाइलवर हेडफोन लावून संवाद जास्त नीट कळतात, कारण काही टॉकीजचे स्पीकर अजून फाटलेलेच आहेत. विनोदी पिक्चर मात्र लोकांत. एकट्याला मोबाइलवर हसू फुटतं, पण खदखदून हसायला शेजारी कोणीतरी लागतं. एकदा बघितलेला पिक्चर परत बघायचा तर अर्थात घरी.

पोरांना नेताना प्रमाणपत्र बघा. आता 'यूए' बरोबर ७+, १३+, १६+ असं वय लिहिलेलं असतं. पोस्टरवर नसलं तर तिकीट खिडकीवर विचारा. घरी मोबाइल पोरांच्या हातात असताना हे कोणी बघत नाही, हा घरच्या पिक्चरचा मोठा तोटा आहे.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणून डोअरकीपरशी भांडू नका. तो नियम करायचा मालकाला अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. पण त्याच निकालात हेही आहे की पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही. पाण्याची बाटली विकतच घ्या म्हणून कोणी म्हणालं तर हे सांगा.

बचत गटाच्या बायांनी एक करून बघावं. तीस-चाळीस जणी जमत असतील तर आदल्या दिवशी टॉकीजला फोन करून सांगायचं, उद्याच्या बाराच्या खेळाला आम्ही येतोय. दहा तिकिटांअभावी रद्द होणारा खेळ मग होतो. काही मालक दरातही थोडं कमी करतात, विचारायला हरकत नाही. स्वच्छतागृह धुऊन ठेवा, दाराला कडी आहे ना ते बघा, हेही त्याच फोनवर सांगून टाकायचं. चाळीस तिकिटांचं गिऱ्हाईक म्हटल्यावर ऐकतात. निघण्याआधी परतीच्या एसटीची वेळ मात्र स्टँडवर विचारून घ्या, मोबाइलवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका.